परतफेडीच्या पलीकडचे दान

तेलंगणातल्या गुडीहत्नूरहून दक्षिणेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ निर्मल, आर्मूर ओलांडून डिचपल्लीला पोहोचतो. तिथे १९१५ साली डॉ. इझाबेल केर या स्कॉटिश मिशनरी बाईंनी कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय सुरू केले. घरादाराने टाकलेल्या रुग्णाकडून परत काय मिळणार? अशा दानामागची ख्रिस्ती शिकवण मात्र एका दिवसात घडलेली नाही. दानात लपलेली अपेक्षा एकेका काळाने ओळखली आणि वगळली, असा तिचा प्रवास आहे.

जुन्या करारात दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देणे, हा नियम होता. दर तिसऱ्या वर्षी त्यातला वाटा लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांना मिळे. येशूने नियमाच्या पुढे जाऊन दात्याच्या मनाला हात घातला. परत मिळण्याची आशा न धरता उसने द्यावे, मेजवानीला फेड करू न शकणाऱ्यांना बोलवावे, असे लूकच्या शुभवर्तमानात तो सांगतो. मत्तयात तो दानाचा गाजावाजाही नाकारतो. घेणाऱ्याची परतफेड आणि लोकांची वाहवा, दोन्ही गेली. स्वर्गातल्या प्रतिफळाची आशा उरली. मध्ययुगात तिच्यापायी दान हा पुण्यसंचयाचा मार्ग झाला. १५२० साली मार्टिन ल्यूथरने मांडले की तारण श्रद्धेने, फुकटच मिळते. म्हणून सत्कृत्य आता केवळ शेजाऱ्यासाठी करायचे. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने हीच वृत्ती व्यवहारात आणली: भरपूर कमवा, काटकसर करा आणि उरेल ते सगळे द्या. केर बाईंचे मिशन त्याच्याच परंपरेतले.

यावर पहिला आक्षेप असा की, त्या मेजवानीच्या उपदेशातच पुनरुत्थानाच्या वेळी फेड मिळेल असे वचन आहे. ते खरेच आहे. पण त्या वचनाने हिशेब गरिबाच्या डोक्यावरून उतरतो, आणि तेच महत्त्वाचे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या आपल्या निबंधात दाखवले की, फेडता न येणारे दान घेणाऱ्याला खाली ढकलते. याचे उत्तर पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सापडते. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागताना तो म्हणतो की आज तुमची विपुलता त्यांची उणीव भरील, उद्या त्यांची तुमची, हेतू समानतेचा. दात्याने अपेक्षा ठेवू नये, पण घेणाऱ्याचा देण्याचा हक्कही हिरावू नये.

तिसरा आक्षेप आपल्या भागातला: मिशनच्या सेवेमागे धर्मांतराची अपेक्षा होती. दुष्काळाच्या काळात ही शंका निराधार नव्हती. औषध किंवा भाकरी श्रद्धेच्या अटीवर मिळत असेल, तर तो सौदा होय, आणि ख्रिस्ताच्याच कसोटीवर तो नापास ठरतो. उलट, दान धर्माच्या सीमाही ओलांडू शकते: डिचपल्लीच्या रुग्णालयाला निजामाबादच्या राजा नरसा गौड या हिंदू दात्याने मोठी देणगी दिली होती. गीतेचा सतरावा अध्यायही उपकार न फेडू शकणाऱ्याला दिलेले दान सात्त्विक मानतो. निरपेक्ष दान कुणा एका धर्माची मालमत्ता नाही, हे मान्य केल्यानेच ख्रिस्ती शिकवण तिच्या तर्काच्या टोकाला पोहोचते: घेणारा आपल्यासारखा व्हावा, ही अपेक्षासुद्धा दात्याने सोडायला हवी.