पुढाकार कोणाचा, वाटा कोणाचा?

येरळा नदी सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. वाटेत, खानापूर तालुक्यात, तिच्या काठी बलवडी आणि तांदुळवाडी ही गावं आहेत. पूर्वी उन्हाळ्यात पात्र कोरडं दिसलं तरी वाळूत झरा उकरला की पाणी लागायचं. पावसाचं पाणी ही वाळूच धरून ठेवायची आणि काठच्या विहिरींना पुरवायची.

पुढं पात्रात ठेकेदारांचे ट्रक उतरले. वाळू गेली, तशी विहिरींनी तळ गाठला. त्यातच ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. १९८२ च्या संपामुळं मुंबईचे कितीतरी गिरणी कामगार या भागात परतले होते. रोजगार हमीच्या कामावर माणसं खडी फोडत होती. इथल्या ‘मुक्ती संघर्ष’ या चळवळीतून तेव्हा प्रश्न पुढं आला : खडी फोडून आजची चूल पेटेल, पण दुष्काळ कसा हटेल?

गावकऱ्यांनी ठरवलं, बंधारा आपणच बांधायचा. पैसा कुठून आणायचा? नदीची वाळू ठेकेदार विकतो, तर त्यातली थोडी आपण विकू आणि तो पैसा नदीलाच लावू. परवानगीसाठी सरकारदरबारी भांडावं लागलं. अभियंते के. आर. दाते यांच्यासारख्या जाणकारांची साथ मिळाली. लोकांनी श्रमदान केलं. येरळेवर ‘बळीराजा स्मृती धरण’ उभं राहिलं.

पण खरी कसोटी पुढंच होती. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हा सगळीकडचा रिवाज. इथं मात्र तत्त्व ठरलं की पाणी एकराच्या हिशेबानं वाटायचं नाही, प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा द्यायचा. गुंठाभर जमीन नसलेल्याचाही त्यावर हक्क. त्यानं दुसऱ्याचं रान वाट्यानं करावं आणि आपलं पाणी तिथं वापरावं. जमीन असलेल्या शेतकऱ्यानं हे मान्य करणं हे दगड-मातीचा बांध घालण्यापेक्षा अवघड होतं. ज्यांनी ते मान्य केलं, त्यांचा पुढाकार मला सगळ्यात मोठा वाटतो.

तात्पर्य : कुणीतरी करेल म्हणून थांबू नये, हाताशी आहे त्यातूनच सुरुवात करावी. आणि कष्टाला जो पुढं झाला, त्यानं वाटणीच्या वेळी सगळ्यात मागच्या माणसाला आधी आठवावं.