देव बोलतो म्हणणाऱ्याला काय विचारावे?

मंगळवेढ्याला संतांची भूमी म्हणतात ते उगाच नाही. दुष्काळात सरकारी कोठारे रयतेसाठी खुली करणारे दामाजीपंत इथले, कान्होपात्राही इथलीच. गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा गेले, तेही इथेच. परंपरा सांगते, नामदेव त्यांच्या अस्थी शोधायला आले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले, ती चोखोबांची म्हणून उचलली.

कीर्तनात ही कथा ऐकत वाढलेली मुलगी बीएस्सी नर्सिंगला जाते. चार वर्षांच्या या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षी मानसिक आरोग्य परिचर्या येते आणि पुस्तक सांगते: इतरांना ऐकू न येणारा आवाज ऐकू येणे हा भास, आजाराचे लक्षण. मग नामदेवांचे काय?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातील कलम ३ सांगते, की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक समजुतींशी एखाद्याचे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. निदानाचे निकषही माणूस ज्या समाजात वाढला तिथे सर्वमान्य असलेली श्रद्धा भ्रमात मोजत नाहीत. म्हणजे वारीत नाचणारा, माळ घालणारा, अभंगात हरवलेला माणूस पेशंट नव्हे.

वॉर्डातल्या पोस्टिंगमध्ये याची खरी परीक्षा होते. एखादी आजी म्हणते, "विठोबा बोलतो माझ्याशी." विद्यार्थिनीने वाद घालायचा नसतो आणि होला हो मिळवायचे नसते. "आजी, तुम्हाला आवाज येतो हे कळतंय मला. मला मात्र तो ऐकू येत नाही," एवढेच म्हणायचे आणि आजींचे शब्द जसेच्या तसे नोंदवहीत लिहायचे. मग विचारायचे: झोप लागते का? जेवण जाते का? आवाज धीर देतो, की धमकावतो? जीव द्यायला, कुणाला मारायला सांगतो का?

देव खरेच बोलला का, याचा निवाडा तिने करायचा नाही. माणसाचे हाल होताहेत का, हे मात्र तिने पाहायचेच.

श्रद्धेच्या नावाखाली हे हाल झाकले गेले, की काय होते ते तमिळनाडूतल्या एरवाडीने दाखवले. ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या मनोरुग्णांच्या आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेल्या २८ रुग्णांना पळताही आले नाही. आज त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ नुसार रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे.

घरातले कुणी झोपेनासे, जेवेनासे झाले, तर अंगारा लावायचा तर लावा. पण त्याच दिवशी १४४१६ या 'टेलि-मानस'च्या मोफत क्रमांकावर फोनही करा.