जागा मोकळी आहे असं गृहीत धरून

इमारतीच्या नियोजनाची सुरुवात गृहीतकांच्या यादीने होते. जमीन किती भार पेलेल, वारा किती धरायचा, पाणी कुठून येणार, वीज किती लागणार. त्याच यादीत एक ओळ बहुतेक वेळा असते : जागा मोकळी करून ताब्यात मिळेल. गोदामं आणि कारखान्यांच्या शेड यांच्या नियोजनात माझी वीसेक वर्षं गेली. छताच्या पत्र्याच्या जाडीवर तास-तासभर वाद घालणाऱ्या बैठका मी पाहिल्या आहेत. या ओळीवर तसा वाद मी ऐकलेला नाही. जागा मोकळी करणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम असतं, आणि आपण येण्याआधी ते झालेलं असतं.

या ओळीची नैतिक जबाबदारी कुणाची, हा इथला प्रश्न आहे. तो तपासायला मी मुद्दाम एक टोकाचं उदाहरण घेतो. बांधायची वस्तू अगदी साधी : विमानांची देखभाल करण्यासाठी हँगर. फक्त विमानं लष्करी आहेत आणि भूमी दुसऱ्याची आहे.

कन्याकुमारीच्या दक्षिणेला साधारण १८०० किलोमीटरवर दिएगो गार्सिया नावाचं प्रवाळबेट आहे. अमेरिकेचा तिथला तळ आपल्याला बातम्यांतून माहीत असतो. बी-२ हे अमेरिकी बॉम्बर विमान १९८९ मध्ये पहिल्यांदा उडालं. अशी फक्त २१ विमानं बांधली गेली. रडारला चकवण्याचा त्याचा गुण काही अंशी आकारात आहे, काही अंशी त्याच्या कातडीत, म्हणजे वरच्या लेपात. हा लेप नाजूक आहे. पाऊस, ऊन आणि दमट हवा यांनी तो खराब होतो, त्यामुळे हे विमान शक्यतो आच्छादनाखालीच ठेवावं लागतं, असं अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९७ मध्येच नोंदवलं होतं. ऑक्टोबर २००१ मध्ये अफगाणिस्तानवरच्या हल्ल्यासाठी ही विमानं मिसूरीहून निघाली, चाळीसहून अधिक तास उडून दिएगो गार्सियाला उतरली, इंजिनं चालू ठेवूनच वैमानिक बदलले आणि विमानं परत मिसूरीला गेली. पुढच्याच वर्षी बेटावर त्यांच्यासाठी हवा नियंत्रित करणारी खास हँगर उभारली गेली, आणि २००३ च्या इराक युद्धात ती वापरात होती. २०२५ च्या वसंतात या बेटावर सहा बी-२ विमानं उभी असल्याचं उपग्रहाच्या छायाचित्रांत जगाने पाहिलं.

नियोजनकाराच्या नजरेने हे काम फार सुंदर आहे. पंखांचा विस्तार ५२.४ मीटर, म्हणजे मध्ये एकही खांब नको. बाहेर खारा, दमट वारा. आत हवा कोरडी हवी. बेटावर नारळ आणि प्रवाळ सोडून काही नाही, म्हणजे लोखंडाची प्रत्येक तुळई, प्रत्येक बोल्ट जहाजाने आणायचा. एक नट कमी पडला तर शेजारच्या गावातून मागवता येत नाही. आणि हा सगळा काटेकोरपणा फुकट नसतो. फेब्रुवारी २००८ मध्ये ग्वामच्या तळावर एक बी-२ विमान उड्डाण करताच कोसळलं. कारण निघालं ओलावा : हवेचा दाब मोजणाऱ्या यंत्रणेत दमटपणा शिरला होता आणि त्यामुळे संगणकाला चुकीचे आकडे मिळाले. दोघेही वैमानिक बाहेर फेकले गेल्यामुळे वाचले. कोरडी हवा म्हणजे इथे माणसांचे जीव.

म्हणूनच लष्करी कामांमध्ये देखभालीचं काम सगळ्यांत स्वच्छ वाटतं. बॉम्ब टाकणारा वेगळा, लक्ष्य ठरवणारा वेगळा. आपण फक्त शेड बांधली. तीही अपघात होऊ नये म्हणून. ‘देखभाल’ हा शब्द आपण तान्ह्या मुलासाठी वापरतो, गाईसाठी वापरतो, आजारी सासूसाठी वापरतो. त्या शब्दाचा मायाळूपणा हँगरलाही चिकटतो.

आता त्याच बेटाचा आधीचा इतिहास. शागोस द्वीपसमूहात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून माणसं राहत होती. फ्रेंचांनी नारळाच्या बागांसाठी आणलेले आफ्रिकेतले आणि मादागास्करचे गुलाम, पुढे काही भारतीय मजूर. त्यांच्या पिढ्या तिथेच जन्मल्या, तिथेच पुरल्या गेल्या. नोव्हेंबर १९६५ मध्ये ब्रिटनने हा समूह मॉरिशसपासून तोडून वेगळी वसाहत केली. १९६६ च्या डिसेंबरमध्ये तो अमेरिकेला लष्करी वापरासाठी देण्याचा करार झाला. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या दीड-दोन हजार माणसांना मॉरिशस आणि सेशेल्सला हलवण्यात आलं. मॉरिशसला उपचारासाठी गेलेल्यांना परतीचं जहाज नाकारण्यापासून सुरुवात झाली. दिएगो गार्सियातली शेवटची माणसं १९७१ मध्ये निघाली. त्यांची पाळीव कुत्री खोबरं वाळवण्याच्या शेडमध्ये कोंडून गाड्यांच्या धुराने मारण्यात आली.

ज्या बेटावर पुढे विमानाच्या कातडीसाठी हवेतला दमटपणा मोजून काढला गेला, ते हेच बेट.

पण मला खरा प्रश्न क्रौर्याचा वाटत नाही. क्रौर्य ओळखू येतं. प्रश्न कागदाचा आहे. बेटावरची जमीन माणसांच्या नावावर नव्हती. बागा शागोस-अगालेगा नावाच्या कंपनीच्या होत्या. १९६७ मध्ये ब्रिटिश सरकारने त्या ६ लाख ६० हजार पौंडांना विकत घेतल्या. मालक बदलला, व्यवहार कायदेशीर झाला, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसांचं जे होतं तेच झालं : ती कुळंही ठरली नाहीत, तात्पुरते मजूर ठरली. लंडनच्या परराष्ट्र खात्यात १९६६ मध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्याने शेरा मारला की समुद्रपक्ष्यांखेरीज तिथे कुणी मूळ रहिवासी उरणार नाही. हा वर्णनाचा नव्हे, बेताचा शेरा होता. जागा मोकळी सापडली नाही. ती आधी कागदावर मोकळी झाली, मग जमिनीवर.

२००२ मध्ये हँगर आखणाऱ्या माणसाने मात्र कुणालाही हाकललं नव्हतं. त्याला मिळालेली जागा तीस वर्षं जुन्या तळावरची सपाट काँक्रीटची होती. मग त्याच्याकडे कोणता जाब मागायचा?

जेरेमी वॉल्ड्रन या तत्त्वज्ञाने १९९२ मध्ये मांडलेला युक्तिवाद इथे आठवतो. जुना अन्याय परिस्थिती बदलल्यावर मागे पडू शकतो, असं तो म्हणतो. हिरावलेल्या जमिनीवर नव्या पिढ्या जन्मतात, त्यांच्याही गरजा असतात; काळाचं चाक उलटं फिरवणं हाच नवा अन्याय ठरू शकतो. हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. धरणाखाली गेलेलं प्रत्येक गाव धरण फोडून परत देता येत नाही, हे प्रकल्पग्रस्तांच्या पोटच्या पोरांनाही कळतं.

पण परिस्थिती बदलते म्हणजे काय होतं? दिएगो गार्सियावर नव्या पिढ्या जन्मलेल्या नाहीत. तिथे कुणी घर केलेलं नाही. जो येतो तो कामावर येतो आणि मुदत संपली की जातो. जुने रहिवासी दावा सोडून गप्पही बसले नाहीत. १९८२ मध्ये ४० लाख पौंडांच्या भरपाईच्या बदल्यात अनेकांनी अंगठे उठवले तेव्हा त्या इंग्रजी कागदात परतीचा हक्क सोडल्याचं लिहिलं होतं. तरी २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात ते जिंकले. २००४ मध्ये राजाज्ञेने तो निकाल निष्प्रभ केला गेला आणि २००८ मध्ये लॉर्ड्स सभेच्या न्यायाधीशांनी ३ विरुद्ध २ अशा मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने शागोस तोडणंच बेकायदेशीर असल्याचं मत दिलं. म्हणजे इथे काळ आपोआप सरलेला नाही. तो दरवर्षी बजेट घालून सरकवला गेला आहे. धावपट्टीची डागडुजी, धक्क्याचं रुंदीकरण, नवं हँगर : यातलं प्रत्येक काम ‘आता परत फिरणं शक्य नाही’ या वाक्याला आणखी एक तुळई लावतं.

माझं म्हणणं इथे येऊन थांबतं. देखभाल म्हणजे जे आहे ते चालू ठेवणं. आपण फक्त विमान चालू ठेवतो असं म्हणता येत नाही, कारण विमानाखालची जागाही त्याच कृतीने चालू राहते. हाकलण्याचं काम एकदाच झालं. ती माणसं बाहेर ठेवण्याचं काम रोज होतं, आणि त्यात शेड आखणाऱ्याचा वाटा आहे. हा वाटा गुन्ह्याचा नाही. आयरिस मॅरियन यंग हिने दोष आणि जबाबदारी यांत केलेला फरक इथे उपयोगी पडतो : दोष मागे पाहतो आणि करणाऱ्याला शोधतो, जबाबदारी पुढे पाहते आणि या व्यवस्थेत ज्याचा हात आहे त्या प्रत्येकाला विचारते की आता तू काय करणार.

यावर एक रास्त आक्षेप आहे. देशांना संरक्षण लागतं, समुद्र ओलांडून पोचावं लागतं, आणि जगात अशी जागा नाही जिच्याखाली कुणाचं तरी थडगं नाही. बरोबर आहे. पण गरजेचा युक्तिवाद फार तर एवढंच सिद्ध करतो की किंमत मोजावी लागेल. ती किंमत कुणाच्या खिशातून जावी, हे तो सांगत नाही. आणि ती दिलीच गेली नाही असं यादीत लिहायची परवानगी तर तो मुळीच देत नाही. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशसने सह्या केलेल्या करारात सार्वभौमत्व मॉरिशसला, दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाड्याने ब्रिटनला, आणि पुनर्वसन झालंच तर इतर बेटांवर, अशी विभागणी आहे. भाडं सरासरी वर्षाला १० कोटी १० लाख पौंड. म्हणजे जागेला भाव आहे हे सगळ्यांना मान्य झालं. तरी तळाच्या बेटावर परतायचा रस्ता बंदच आहे, आणि हा करार ठरवताना आम्हाला विचारलं नाही, ही अनेक शागोसवासीयांची तक्रार आहे.

हे सगळं दुसऱ्यांचं पाप म्हणून वाचणं आपल्याला सोपं जातं. भारताने या वादात मॉरिशसची बाजू घेतली, ते योग्यच होतं. पण त्या कंपनीच्या नावातला दुसरा शब्द पुन्हा वाचा : अगालेगा. मॉरिशसच्या उत्तरेला हजारेक किलोमीटरवरच्या या जोडबेटावर साधारण तीनशे माणसं राहतात. २०१५ च्या करारानंतर भारताने तिथे मोठी धावपट्टी आणि धक्का बांधला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन्ही पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. हा लष्करी तळ नाही, असं मॉरिशस सरकार सांगतं. उपग्रहाच्या चित्रांत मोठी हँगरही दिसतात, आणि ती सागरी टेहळणीच्या पी-८आय विमानांसाठी असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पी-८आयचं एक पथक गोव्यात दाभोळीच्या आयएनएस हंसावर असतं. त्याचा आवाज आपल्या ओळखीचा आहे. ज्या मॉरिशसमध्ये दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी गेलेल्या कोकणी मजुरांचे वंशज आजही मराठी म्हणवून घेतात, त्याच देशाचं हे बेट आहे.

अगालेगातून कुणाला हाकललेलं नाही, आणि हाकलायचा बेत आहे असं मी सुचवत नाही. नव्या धक्क्याने जहाज लागणं सोपं होईल, आजाऱ्याला विमानाने लवकर नेता येईल. हे लहान फायदे नाहीत. तरी तिथले काही लोक शागोसचं नाव घेऊन भीती बोलून दाखवतात, आणि त्या भीतीचं उत्तर ‘आमचा हेतू चांगला आहे’ हे नसतं. उत्तर नियोजनाच्या कागदात असावं लागतं. ही तीनशे माणसं राहतात त्या घराखालच्या जमिनीवर त्यांचा लेखी हक्क काय? मूल जन्माला घालायला मॉरिशसला गेलेल्या बाईच्या हाती परतीचं तिकीट असेल याची हमी कोण देतो? धावपट्टीवर रुग्णाला पहिला हक्क की विमानाला? उद्या हँगर वाढवायचं ठरलं, तर गावातल्या कुणाची सही लागेल?

यातल्या एकाही प्रश्नाला गुप्ततेचं कारण लागू होत नाही. हँगरमधल्या हवेत बाष्प किती असावं हे आपण नेमकं लिहून ठेवतो, कारण ते लिहिलं नाही तर कुणी सांभाळणार नाही, हे आपल्याला ठाऊक असतं.