नकार देण्याची ऐपत

युद्ध पेटलं की परराष्ट्र मंत्रालय सूचना काढतं: अमुक देशात जाऊ नका, तिथे असाल तर दूतावासाच्या संपर्कात राहा. पर्यटकाला एवढं पुरतं. तो तिकीट रद्द करतो आणि दुसरीकडे जातो. ज्याचं पोटच त्या वाटेवर आहे, त्याने काय करायचं? नवी मुंबईत अशी माणसं पुष्कळ आहेत. डफरिन आणि राजेंद्र या प्रशिक्षण जहाजांचा वारसा सांगणारी टी. एस. चाणक्य ही सागरी प्रशिक्षण संस्था इथेच, करावे गावाजवळ आहे. नेरुळ-सीवूड्समध्ये मर्चंट नेव्हीतली कुटुंबं आहेत आणि वाशी-बेलापूरच्या व्यापारी संकुलांत जहाजांवर माणसं पाठवणाऱ्यांची कार्यालयं.

26 जानेवारी 2024 रोजी एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर येमेनमधल्या हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र आदळलं. जहाजावर 22 भारतीय होते आणि टाक्यांमध्ये नाफ्था, म्हणजे ठिणगीने भडकणारा माल. माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस विशाखापट्टणम’ धावून गेली. नौदलाच्या आणि जहाजावरच्या माणसांनी मिळून आग विझवली, सगळे वाचले. मार्चमध्ये हुथींनीच हल्ला केलेल्या ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावरचे तिघे मात्र वाचले नाहीत.

तांबड्या समुद्राचा दक्षिण भाग आणि एडनचं आखात हे जहाजमालक व कामगार संघटना यांच्या आंतरराष्ट्रीय करारात युद्धसदृश क्षेत्र ठरलं. या कराराखाली काम करणाऱ्याला तिथे जादा भत्ता मिळतो, मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास दुप्पट भरपाई मिळते. माझ्या मते त्यातलं सगळ्यात मोलाचं कलम वेगळंच आहे: तिकडे जायला नकार देता येतो आणि कंपनीच्या खर्चाने घरी परतता येतं.

पण नकार द्यायलाही ऐपत लागते. कोकणातला किंवा घाटावरचा एखादा मुलगा जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, सहा महिन्यांचा कोर्स करतो, सीडीसी ही खलाशाची नोंदपुस्तिका काढतो आणि ‘जॉइनिंग’साठी एजंटच्या दारात येतो. तिथे त्याच्याकडे लाखांत पैसे मागितले जातात. घरचे जमिनीवर कर्ज काढतात, आईचे दागिने मोडतात. हा मुलगा उद्या कॅप्टनसमोर उभा राहून ‘मी या वाटेने येणार नाही’ म्हणेल का? त्याचा हक्क कागदावर शाबूत असतो, पण कर्जाच्या पहिल्या हप्त्याने तो केव्हाच गिळलेला असतो. म्हणून मला वाटतं, खलाशाची सुरक्षितता समुद्रावर ठरण्याआधी वाशी-बेलापूरच्या टेबलावर ठरते.

आणि हे पैसे घेणंच बेकायदा आहे. 2006चा सागरी कामगार करार भारताने 2015 साली मान्य केला, 2016 साली भरतीचे नियम आले. पासपोर्ट, सीडीसी, वैद्यकीय तपासणी असे मोजके खर्च सोडले तर नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. भरती करणाऱ्याकडे आरपीएसएल हा सरकारी भरती परवाना हवा आणि त्याचा क्रमांक नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांकही तसाच पडताळता येतो. पण अनेकांना कॉन्ट्रॅक्ट हातात पडतं ते विमानतळाच्या दारात. पाकीट उघडावं तर आत टुरिस्ट व्हिसा. अशा माणसाची सरकारदरबारी खलाशी म्हणून नोंदच नसते. मग युद्ध भडकलं, मालकाने जहाज सोडून दिलं, तर सोडवायचं कुणाला, हेच आधी शोधावं लागतं.

क्षेपणास्त्राशिवायही आयुष्य अडकतं. 2020 साली इराणमध्ये एका जहाजावरच्या पाच भारतीय तरुणांना अमली पदार्थांच्या आरोपाखाली पकडलं. त्यांत मुंबईची मराठी मुलंही होती. पुढच्या वर्षी न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं, तरी पासपोर्टअभावी ती तिथेच अडकून पडली. घरी आली 2022मध्ये.

बेकायदा भरतीची प्रकरणं इथे बहुधा फसवणूक म्हणून नोंदली जातात, म्हणजे हिशेब गेलेल्या पैशांचा. परवाना नसताना मुलाला संघर्षक्षेत्रात धाडणं हा त्याच्या जिवाशी केलेला गुन्हा मानला पाहिजे. महासंचालनालयाचं कार्यालय खाडीपलीकडे कांजुरमार्गला आहे, फार लांब नाही. गाळा भाड्याने देताना आणि आस्थापनेची नोंदणी करतानाच आरपीएसएल क्रमांक मागितला, तो महासंचालनालयाकडून पडताळून घेतला, तर यातली कित्येक दुकानं उघडणारच नाहीत.