पारध्याची एकाग्रता आणि साधकाचे विजन

एखाद्या कृतीत धैर्य, संयम आणि एकाग्रता हे गुण दिसावेत, परंतु तिचा शेवट एका निरपराध जीवाच्या मृत्यूत व्हावा, तर त्या गुणांना गुण म्हणावे काय? वरवर पाहता हा प्रश्न केवळ वादापुरता वाटेल. परंतु अहिंसा हा ज्यांच्या आचारधर्माचा पाया आहे आणि अटन, विजन, भिक्षा, भोजन या क्रमाने ज्यांचा दिवस जातो, त्यांना तो टाळता येत नाही. विजनास बसलेला साधक आणि सावजाची वाट पाहणारा पारधी हे दोघेही एकाच रानात सारखेच निश्चल बसलेले असतात. दुरून पाहणाऱ्यास त्यांतील साधक कोणता आणि घातक कोणता हे ओळखू येणार नाही. मग भेद कशात आहे, हे तपासून पाहणे प्राप्त होते.

विचारास प्रत्यक्ष स्थळाचा आधार असावा. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात पवनेच्या खोऱ्याभोवती तिकोणा, तुंग, लोहगड आणि विसापूर हे किल्ले उभे आहेत. तिकोण्याच्या, म्हणजेच वितंडगडाच्या, पायथ्याशी तिकोणा पेठ हे गाव आहे. खाली भातखाचरे, वर कातळ आणि मधल्या उतारावर झाडी, असा हा मुलूख. ससा, भेकर, साळिंदर, रानडुक्कर हे या डोंगरपट्ट्यातील प्राणी. मावळात कातकरी, ठाकर, महादेव कोळी या समाजांच्या वस्त्या आहेत. कातकरी समाज एके काळी खैराचा कात काढून आणि रानातील लहानसहान शिकार करून राहत असे. तिरकामठा हे त्याचे जुने हत्यार. बांबूचा कामठा, टोकास लोखंडी फाळ आणि मागे पिसे लावलेला तीर, एवढाच त्याचा सरंजाम. बंदूक शेकडो पावलांवरून जीव घेते. तिरकामठेवाल्यास सावजाच्या वीस-पंचवीस पावलांपर्यंत जावे लागते. त्यामुळे या शिकारीत नेमापेक्षाही जवळ जाण्याची परीक्षा मोठी असते.

जवळ जाण्यातला मुख्य अडथळा गंधाचा. रानडुकराची दृष्टी बेताची, परंतु नाक अतितीक्ष्ण. भेकरास माणसाची चाहूल लागली की ते कुत्र्यासारखे भुंकते आणि सारे रान सावध होते. म्हणून पारधी प्रथम वारा पाहतो. चिमूटभर माती किंवा राख बोटांतून सोडून ती कोणीकडे जाते हे पाहतो, आणि वारा सावजाकडून आपल्याकडे येईल अशी वाट धरतो. डोंगरउतारावर वाऱ्याचाही नेम ठरलेला असतो. पहाटे थंड झालेली जड हवा खाली सरकते. ऊन चढल्यावर तापलेली हवा वर जाऊ लागते. पहाटे पायथ्याकडून चढणाऱ्याचा वास सावजापर्यंत पोचत नाही. ऊन तापल्यावर तीच वाट त्याला उघडे पाडते. म्हणून तो बिडी टाळतो, घाम येऊ नये इतक्या संथपणे चालतो, अंगास माती व पाला चोळतो. ज्या अमेरिकेत धनुष्याने शिकार करणे आजही परवान्याने चालते, तेथे याच कामासाठी गंधहीन साबण आणि वास शोषून घेणाऱ्या कोळशाचे अस्तर लावलेले कपडे विकले जातात. साधने बदलली, हेतू एकच: आपण आहोत हे सावजास कळू नये.

येथे पूर्वपक्ष असा उभा राहतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात व्यसनांचा विचार करताना मृगयेचे गुणही सांगितले आहेत. तिच्यात व्यायाम घडतो, चल व स्थिर लक्ष्यावर नेम साधतो, आणि क्रोधात वा भयात प्राण्याचे चित्त कसे वागते याचे ज्ञान होते. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लास ग्रंथात मृगयेची गणना राजाच्या विनोदांत केली. ज्या कर्मात देहभाव विसरावा लागतो, वाणी आवरावी लागते, प्रहरच्या प्रहर एका आसनावर काढावे लागतात, ते कर्म साधनेच्या जवळचेच नाही काय? पुष्कळ साधकांना विजनात घटकाभरही स्थिर बसवत नाही. पारधी मात्र पहाटेपासून बसतो. मग त्यास कनिष्ठ का म्हणावे?

याचे समाधान भागवताच्या एकादश स्कंधात मिळते. भास्करभट्टांनी उद्धवगीतेत ज्याचे विवरण केले, तोच हा स्कंध होय. तेथे अवधूताने यदुराजास आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत बाण घडविणारा कारागीर आहे. जवळून राजाची स्वारी गेली तरी त्याचे चित्त हातातल्या बाणावरून ढळले नाही. त्यांत गीतास भुलून सापडलेले हरीण आहे, पिलांच्या मोहाने जाळ्यात पडलेले कपोत आहे. परंतु जाळे टाकणारा व्याध या गुरूंत नाही. एकाग्रता घेतली ती बाण घडविणाऱ्याकडून, आणि सावधगिरी घेतली ती मारल्या जाणाऱ्यांकडून. याच गुरूंत वाराही आहे. वारा सुगंध वाहतो आणि दुर्गंधही वाहतो, पण त्यांतील कशाने लिप्त होत नाही. योग्याने विषयांत असेच असावे हा तेथील बोध. पारधीही वाऱ्याचाच शिष्य, परंतु तो वाऱ्यापासून आपला गंध कोठे लपवावा एवढेच शिकतो. यावरून एकाग्रता हे केवळ सामर्थ्य होय असे ठरते. दिव्याच्या उजेडात पोथीही वाचता येते आणि चोरीही करता येते. सामर्थ्याचे बरेवाईटपण हेतूवरून ठरते.

हेतू अंतरात असतो, तो बाहेरून कसा ओळखावा? त्याचे एक लक्षण गंधाच्याच प्रकरणात सापडते. जीवास नाक दिले आहे ते अन्नासाठी आणि रक्षणासाठी. त्या नाकास फसविणे म्हणजे न बोलता असत्य सांगणे होय. पारध्याचे मौन, त्याची मंद चाल, त्याची निश्चलता या सर्वांच्या मुळाशी "येथे कोणी नाही" हा खोटा निरोप असतो. म्हणजे हिंसा तीर सुटल्यावर सुरू होत नाही. ती वारा पाहताना सुरू झालेली असते.

याच्या उलट लीळाचरित्रातील सशाची लीळा पाहावी. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा वृक्षाखाली बसलेल्या श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरला. पारध्यांनी तो परत मागितला. त्या सशावर त्यांची होड लागलेली होती. म्हणजे तेथे भुकेचाही प्रश्न नव्हता. स्वामींनी शरण आलेला जीव दिला नाही. परंतु पारध्यांनाही धिक्कारले नाही. त्यांना समजाविले, आणि त्यांनी मारणे सोडले. ज्या जीवाने क्षणापूर्वी माणसांपासून पळ काढला, तोच माणसाच्या आश्रयास आला. तेथे गंध लपविलेला नव्हता, कारण लपविण्यासारखे काही नव्हते.

आता दुसरी शंका. होडेसाठी मारणारा आणि भुकेने मारणारा सारखेच काय? हिंसा दोन्हीकडे आहे. भुकेने तिचे रूप बदलत नाही. परंतु दोषाचा वाटा बदलतो. ज्याच्या हातून खैराचे रान गेले आणि ज्यास वर्षातले कित्येक महिने वीटभट्टीवर काढावे लागतात, त्याच्या तिरकामठ्याचा विचार करताना पोटभर जेवलेल्या समाजाने स्वतःचा वाटा मोजावा. पारध करणाऱ्या समाजांवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला; तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण लोकांच्या मनातून अद्याप पुरता गेलेला नाही. दोष कर्मास लागतो, जन्मास नव्हे, हे स्वामींच्या मार्गात वेगळे सांगावे लागू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही संपले. कायद्याने तीर थांबतो. भूक थांबविण्याचे काम उरतेच.

तिसरी शंका शेतकरी वासनिकांची आहे. भात पिकू लागले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत खाचर लोळवून टाकतो. तेथे अहिंसा कशी पाळावी? वरील लक्षण येथेही उपयोगी पडते. राखणीस बसलेला माणूस हाका घालतो, डबे वाजवितो, शेकोटी पेटवितो. महाराष्ट्रात कित्येक शेतकरी न्हाव्याकडून केस आणून बांधावर पसरतात, कारण माणसाच्या वासाने डुकरे दूर राहतात. पारधी जो गंध लपवितो, तोच गंध राखणदार मुद्दाम पसरतो. "येथे मी आहे, तू परत जा" असे तो खरे सांगतो, आणि जीव वाचतो. याउलट वाटेत लावलेला तारेचा फासा किंवा खाद्यात दडविलेला गावठी बॉम्ब हे कपटच होय. त्यांत डुक्कर सापडेल की भेकर, की बिबट्या, हे लावणाऱ्यासही ठाऊक नसते. राखण करूनही झालेल्या नुकसानीबद्दल शासनाकडे भरपाई मागता येते. ती मागण्यात कमीपणा नाही. रात्री जागण्याचे कष्ट मात्र आहेत, आणि अहिंसेचे मोल बहुधा अशाच कष्टांनी द्यावे लागते.

शेवटी हा विचार साधकाकडेच परत येतो. आज विजनास बसलेल्या सामान्य साधकाजवळ ससा येणार नाही. माणसाचे भय त्याच्या जातीत पिढ्यान्‌पिढ्या मुरले आहे. त्यावरून साधनेची परीक्षा करू नये. परीक्षा माणसांतच करावी. मनात एक हेतू ठेवून मुखाने दुसरेच मधुर बोलत एखाद्याजवळ जाणे, दान मिळावे म्हणून स्तुती करणे, मान मिळावा म्हणून नम्रता दाखविणे, ही सर्व वाऱ्याखालून केलेली पारधच होय. तिच्यात तीर नसतो एवढेच. ज्याला कोणाजवळही जाताना आपला हेतू लपवावा लागत नाही, त्याचे विजन गावातही चालू असते. ज्याला तो लपवावा लागतो, त्याने रानात कितीही निश्चल बसावे, त्याचे बसणे पारध्याचेच.