उघड्या घरातील बंद खोली

संगणकाच्या आज्ञावलीत ‘क्लास’ म्हणजे माहिती व ती हाताळणाऱ्या कृती यांचा एक साचा. त्याच्या कोणत्या अंगास कोणी हात लावावा, हे लिहिणारा ठरवितो. ‘प्रायव्हेट’ अंग त्या क्लासपुरतेच असते. ‘प्रोटेक्टेड’ अंग त्यावरून पुढे रचलेल्या वारस क्लासांसही खुले असते. मग ज्या मुक्त आज्ञावलीचा सारा मजकूर कोणासही वाचता व बदलता येतो, तीत काही ‘प्रायव्हेट’ ठेवणे हा दुटप्पीपणा नव्हे काय?

आम्हांस तसे वाटत नाही. वाचण्याचा अधिकार निराळा आणि विसंबण्याचा निराळा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली नागरिकास फाइलीवरील टिपणीही पाहता येते. परंतु आदेश निघेपर्यंत तिच्या आधारे कोणास हक्क सांगता येत नाही. ‘प्रायव्हेट’ अंग हे अशा टिपणीसारखे आहे, आणि ‘प्रोटेक्टेड’ अंग निघालेल्या आदेशासारखे.

‘सी प्लस प्लस’ भाषेचे जनक ब्यार्ने स्ट्राउस्ट्रूप यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात एक बोधप्रद हकीकत नमूद केली आहे. ‘इंटरव्ह्यूज’ या संग्रहाचे कर्ते मार्क लिंटन यांच्या आग्रहावरून त्या भाषेत ‘प्रोटेक्टेड’चा प्रवेश झाला. पुढे सुमारे पाच वर्षांनी लिंटन यांनीच आपल्या संग्रहात माहिती अशी खुली ठेवण्यास मनाई केली. कारण ती चुकांचे उगमस्थान ठरली होती.

असे का व्हावे? मुक्त आज्ञावलीचे वारस किती व कोठे आहेत, हे कर्त्यास ठाऊक नसते. जे एकदा खुले केले, ते पुढे बदलले की अनोळखी माणसांची कामे अडतात. उलट बंद ठेवलेले दार उद्या उघडले, तर कोणाचीच हानी होत नाही.

तथापि बंद दाराचाही जाच असतो. लहानशा फरकासाठी एखाद्यास सारा क्लास उतरून घ्यावा लागतो, आणि मूळ प्रतीत पुढे झालेल्या दुरुस्त्यांना ती नक्कल मुकते. म्हणून दार लावणाऱ्यावर एक कर्तव्य येते: वारसांना खरोखर जे लागेल, त्यासाठी विचारपूर्वक आखलेली वाट ठेवणे, आणि कोणी सकारण मागणी केली तर ती ऐकणे.

जे वचन आपल्याने पाळवणार नाही ते न देणे, यास आम्ही कृपणता म्हणणार नाही. औदार्याच्या भरात सर्वच खुले करणारा मनुष्य भला असेल. परंतु त्याच्या वचनावर घर बांधणाऱ्यांचे पुढे काय होते, याचाही विचार त्याच्या भलेपणात आला पाहिजे.