लागेल तेवढाच प्रकाश

दार हळू लावून घ्या आणि बसा. मायक्रोस्कोपचं बुकिंग दोन तासांचं आहे, पुढचा माणूस वेळेवर येणार आहे, तरीही पहिली काही मिनिटं हात मांडीवरच असू द्या. नमुना आत्ताच स्टेजवर ठेवला आहे. काच, तेल आणि भिंग यांचं तापमान जुळेपर्यंत फोकस सरकत राहतो. घाई करून तो स्थिरावत नाही. डोळेही तोवर अंधाराला सरावतील.

स्टेजवर कोण आहे ते मनात आणा. काचेला लागून, तेलाच्या थेंबात, फळमाशीचा एक भ्रूण आहे, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. त्याच्या केंद्रकांतल्या हिस्टोनला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेलं आहे. बहुतेक केंद्रकं आता पृष्ठभागाशी येऊन ठेपली आहेत. अजून त्यांच्यामध्ये पेशीपटलं नाहीत; सगळी एकाच पेशीद्रवात नांदतात आणि जवळजवळ एकदमच विभागतात. २५ अंश सेल्सिअसला विभाजनाची दहावी फेरी साधारण ९ मिनिटांत उरकते, तेरावीला सुमारे २० मिनिटं लागतात. हा जीव स्वतःच्या गतीने चालला आहे. त्या गतीला धक्का न लावता तुम्हाला पाहायचं आहे.

आता मायक्रोस्कोपमधल्या फिरत्या चकतीचा बारीक घरघराट ऐका. निपकोव या जर्मन विद्यार्थ्याने १८८४ मध्ये अशी छिद्रांची फिरती चकती सुचवली, ती तारेवरून चित्र पाठवण्यासाठी. १९६०च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात पेत्रान आणि हाद्रावस्की यांनी ती मायक्रोस्कोपमध्ये बसवली. अडचण प्रकाशाची होती: छिद्रं लहान, त्यांच्यातलं अंतर मोठं, त्यामुळे येणारा बहुतेक प्रकाश चकतीवर आपटून वाया जायचा. योकोगावा कंपनीने १९९०च्या दशकात वर दुसरी चकती जोडली. तिच्यावर सुमारे २०,००० सूक्ष्म भिंगं, आणि प्रत्येक भिंग आपल्या वाट्याचा प्रकाश खालच्या एकेका छिद्रात उतरवतं.

लेझर सुरू करण्याआधी या प्रकाशाची वाट मनातल्या मनात चाला. ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश भिंगांच्या चकतीवर येतो, छिद्रातून खाली उतरतो, भ्रूणाला स्पर्श करतो. तिथून हिरवा प्रकाश परत निघतो. जो नेमक्या प्रतलातून आला त्याला छिद्र वाट देतं. वरखालून आलेला पसरट होऊन पोहोचतो, आणि त्यातला बहुतेक चकतीवरच अडतो. पडद्यावर दिसणारी स्वच्छ केंद्रकं या अडवण्यातून घडतात. इथे जरा थांबा. छिद्राने काय नाकारलं, त्याचाही थोडा विचार करा.

पण भ्रूणाला हा भेद नसतो. कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलेला प्रकाश आणि वाटेत अडलेला प्रकाश, दोन्हींसाठी निळा मारा त्यानेच सोसलेला असतो. जास्त प्रकाशात ऑक्सिजनची विध्वंसक रूपं तयार होतात, विभाजन रेंगाळतं, कधी थांबतं. म्हणून लेझर अगदी खालून सुरू करा. चित्र दाणेदार येईल. येऊ द्या. हात आपोआप लेझरची पट्टी वर सरकवायला जाईल. तो जातोय हे नुसतं पाहा. स्वतःला विचारा: मला केंद्रकं मोजायची आहेत की चित्र मासिकाच्या मुखपृष्ठावर छापायचं आहे? मोजायला हे दाणे पुरतात. माझ्या मते या यंत्रापाशी शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि प्रशिक्षणाच्या तासात ती सर्वांत घाईने उरकली जाते.

एक्स्पोजर ठरवताना चकतीचं ऐका. मिनिटाला १८०० फेरे म्हणजे सेकंदाला ३०. या रचनेत एका फेऱ्यात संपूर्ण दृश्य १२ वेळा झाडून निघतं, म्हणजे सेकंदाला ३६० वेळा. १०० मिलिसेकंदांत बरोबर ३६ झाडण्या बसतात. अर्धवट झाडणीवर कॅमेरा मिटला तर चित्रावर फिकट-गडद पट्टे उमटतात. विशेषतः एक्स्पोजर लहान असेल तेव्हा. पट्टे दिसले तर लेझर वाढवू नका, वेळ जुळवा.

आता नोंदणी सुरू करा आणि हात पुन्हा मांडीवर घ्या. दर काही सेकंदांनी शटर उघडेल आणि मिटेल. मधल्या अंधारात भ्रूणाला उसंत मिळते. त्या अंधारात तुम्हीही काही करू नका.

वेळ संपत आली की भिंगावरचं तेल लेन्स पेपरने हलकेच टिपून घ्या, घासू नका. शेजारचं २०× भिंग कोरडं वापरायचं असतं. त्याला तेल लागलं तर पुढच्या माणसाची सकाळ धूसर चित्रांत जाईल, आणि दोष आपल्या नमुन्यात आहे असं त्याला वाटत राहील. लॉगबुकात लेझरची टक्केवारी, एक्स्पोजर आणि चकतीचा वेग लिहा.

भ्रूण टाकून देऊ नका. काचेसह ओलसर डबीत ठेवा, त्याच्याशेजारी प्रकाश न दाखवलेले त्याच वयाचे काही भ्रूण ठेवा. २५ अंशांना साधारण एका दिवसात अळी बाहेर येते. उद्या शेजारच्यांतून अळ्या निघाल्या आणि यातून निघाली नाही, तर आजच्या चित्रांवरून विभाजनाच्या वेळा मोजू नका. पुढच्या बुकिंगला लेझर आणखी खाली उतरवा.